आन्सगार : उत्तरेचा प्रेषित की जन्मभर हात हलवत परतलेला माणूस?

उत्तरायण

ज्या माणसाचं बहुतेक काम त्याच्या डोळ्यांदेखत धुळीला मिळालं, त्याला ‘उत्तरेचा प्रेषित’ ही पदवी कशाच्या जोरावर मिळाली, हा माझा प्रश्न आहे. स्वीडनमध्ये राहत असल्यामुळे आन्सगारचं नाव अधूनमधून समोर येतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात.

जन्म ८०१, उत्तर फ्रान्समध्ये अमियाँच्या आसपास. पाच वर्षांचा असताना आई गेली आणि वडिलांनी कॉर्बीच्या मठात ठेवलं. पुढे वेझर नदीकाठच्या कोर्वाय या नव्या मठात तो शिक्षक झाला. ८२६ साली हाराल्ड क्लाक नावाच्या डॅनिश राजाने सम्राट लुईच्या (शार्लमेनचा मुलगा) आश्रयाला येऊन माइन्झला बाप्तिस्मा घेतला. हाराल्डबरोबर डेन्मार्कला कोण जाणार असं विचारल्यावर सगळ्यांनी माना खाली घातल्या, हा एकटा तयार झाला. मागून आउटबर्ट नावाचा एक सोबती मिळाला. पुढच्याच वर्षी डॅनिश लोकांनी हाराल्डला हाकलून दिलं. आउटबर्ट आजारी पडून परतला आणि वारला.

८२९ मध्ये स्वीडनहून दूत आले, की आमच्याकडे काही लोकांना हा धर्म हवा आहे, कोणीतरी पाठवा. पुन्हा आन्सगार. वाटेत चाच्यांनी गाठलं. सम्राटाने दिलेले नजराणे आणि चाळीसेक पुस्तकं गेली. उरलेली वाट बरीचशी पायी तुडवत तो बिर्काला, म्हणजे मेलारेन तळ्यातल्या बियोर्को बेटावर पोचला. राजा ब्यॉर्नने परवानगी दिली, थोडे लोक ख्रिस्ती झाले, ८३१ मध्ये हा परतला. मग हॅम्बुर्गचा आर्चबिशप झाला, तर ८४५ मध्ये डॅनिश आरमाराने हॅम्बुर्ग जाळलं. त्याच सुमारास स्वीडनमध्ये जमावाने बिशप गाउटबर्टला पळवून लावलं आणि निथार्ड नावाच्या धर्मगुरूला ठार मारलं.

डेन्मार्कच्या राजाने अधिकृतपणे धर्म बदलला तो ९६५ च्या सुमारास. आन्सगार गेला ८६५ मध्ये. मधली शंभर वर्षं कोणाच्या खात्यात टाकायची?

खडूस_काका

आमच्या ऑफिसात असाच एक प्रोजेक्ट मॅनेजर होता. प्रत्येक प्रोजेक्ट बुडाला, दर वर्षी प्रमोशन. पदवी मिळण्याचा आणि काम होण्याचा संबंध नसतो, एवढंच म्हणतो आणि पॉपकॉर्न घेऊन बसतो.

इतिहासवेडा

चांगला विषय. पहिल्यांदा साधनांबद्दल बोलू. आन्सगारबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यातलं नव्वद टक्के एकाच ग्रंथातून येतं : त्याचा शिष्य रिम्बर्ट याने लिहिलेलं चरित्र. आणि रिम्बर्ट म्हणजे कोण? आन्सगारनंतर त्याच गादीवर बसलेला आर्चबिशप. गादी जोडगोळीची. हॅम्बुर्ग जळाल्यावर आन्सगारच्या हाती काही उरलं नव्हतं, म्हणून रिकामं झालेलं ब्रेमेनचं बिशपपद त्याला दिलं आणि दोन्ही एक केले. त्यावर कोलोनचा आर्चबिशप भडकला, कारण ब्रेमेन त्याच्या अखत्यारीतलं. पोपची मंजुरी यायला ८६४ साल उजाडलं.

तेव्हा रिम्बर्टला नुसती गुरुभक्ती करायची नव्हती. ‘उत्तर आमची आहे’ हा दावा त्याला कागदावर आणायचा होता. पुढे हॅम्बुर्ग-ब्रेमेनच्या लोकांनी पोपच्या जुन्या फर्मानांतही फेरफार केले, त्यांत आइसलंड-ग्रीनलंडची नावं घुसडली. आन्सगारच्या काळात ग्रीनलंडला युरोपातलं कोणी पोचलंच नव्हतं. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर : ती पदवी त्याच्या गादीला हवी होती.

हॅम्बुर्गकर

@इतिहासवेडा, कागदपत्रांचं मान्य. पण जळालेली गढी खोटी नव्हती. इथल्या डोमप्लाट्झ चौकात उत्खनन होऊन २०१४ मध्ये जाहीर झालं की आन्सगारच्या काळातली हाम्माबुर्ग गढी ती हीच. मी रोज त्या बाजूने जातो. आता तिथे हिरवळ आहे आणि नंतरच्या कॅथीड्रलचे खांब जिथे होते तिथे पांढरे चौकोनी ठोकळे ठेवलेत. लोक त्यांवर बसून सँडविच खातात, रात्री ते आतून उजळतात.

८४५ च्या हल्ल्याबद्दल तेव्हाच्या इतिवृत्तात ६०० जहाजं लिहिली आहेत. आकडा सरळसरळ फुगवलेला. गढी मातीची आणि लाकडाची, लहानशी. तिच्यासाठी ६०० जहाजं आणायची म्हणजे आधी जहाजं उभी करायला जागा शोधावी लागेल. रिम्बर्टने जे टिपलंय ते मात्र पटतं : गढीचा सरदार नेमका गावाला गेला होता, हल्ला अचानक झाला, आन्सगारने आधी लोकांना धरून ठेवायचा प्रयत्न केला आणि शेवटी संतांचे अवशेष तेवढे उचलून, अंगावर झगासुद्धा न घेता पळाला. चर्च, मठ आणि सम्राटाने दिलेलं देखणं बायबल, सगळं जळालं.

जोगळेकरांची_धाकटी

चाच्यांनी चाळीस पुस्तकं नेली हे वाचून माझाच जीव कळवळला. एकेक पुस्तक म्हणजे किती कातडी आणि किती महिन्यांचं काम! चाच्यांना ती वाचायचीही नव्हती.

इतिहासवेडा

त्यावरून रिम्बर्टने दिलेला एक प्रसंग. गाउटबर्टला हाकललं तेव्हा घर लुटणाऱ्यांत एका मोठ्या माणसाचा मुलगा होता. त्याने लूट बापाच्या घरी आणून टाकली. मग घराला उतरती कळा लागली. गुरंढोरं मेली, तो मुलगा मेला, बायको मेली, बाकीची मुलंबाळंही. राहिला बाप आणि एक धाकटा पोरगा. बाप गेला देवऋषाकडे. देवऋषाने कौल लावून सांगितलं, आपले सगळे देव तुझ्यावर खूश आहेत, एकटा ख्रिस्त तेवढा रागावलाय, त्याचं काहीतरी तुझ्या घरात आहे. घर धुंडाळल्यावर सापडलं एक पुस्तक. घाबरून त्याने गावकरी जमवले, सगळ्यांसमोर ते व्यवस्थित गुंडाळलं आणि एका कुंपणाला बांधून जाहीर केलं, ज्याला हवं त्याने न्या, माझा अपराध कबूल. एका ख्रिस्ती माणसाने ते घरी नेलं. त्याला वाचता येत नव्हतं, पण पुढे त्याला स्तोत्रं तोंडपाठ झाली आणि रिम्बर्टने ही हकीकत त्याच्याच तोंडून ऐकली.

यातली गंमत बघा. ख्रिस्त रागावलाय हे सांगणारा माणूस जुन्या देवांचा कौल लावणारा आहे! म्हणजे बिर्काच्या लोकांच्या लेखी तोही एक देवच, जरा परका आणि तापट.

सांजवारा

कुंपणाला बांधलेलं पुस्तक! अशा तपशिलांसाठी हा धागा वाचनखुणेत.

तळ्यातमळ्यात

आमच्या गावाकडे उतारा टाकतात तसंच झालं की. तिकडचे आणि इकडचे देवऋषी एकाच शाळेतले दिसतात.

उत्तरायण

@इतिहासवेडा, परका देव हा मुद्दा महत्त्वाचा आहे. ८५२ मध्ये आन्सगार दुसऱ्यांदा बिर्काला गेला तेव्हा वातावरण तापलेलं होतं. एका माणसाने सांगायला सुरुवात केली होती की मी देवांच्या सभेला हजर होतो, आणि देव म्हणाले : तुम्हाला देव कमी पडत असतील तर परका आणू नका, तुमचा जुना राजा एरिक याला आम्ही आमच्यात सामावून घेतो. लोकांनी एरिकसाठी देऊळसुद्धा बांधलं. ओळखीच्या लोकांनी आन्सगारला सल्ला दिला, जवळचं असेल नसेल ते राजाला दे आणि जीव वाचवून नीघ.

खडूस_काका

म्हणजे देवांनी बाहेरचा उमेदवार नाकारून स्थानिकाला तिकीट दिलं. नवव्या शतकात!

उत्तरायण

@काका, हाहा, अगदी. पण पुढे जे झालं ते मला त्या चरित्रातलं सगळ्यात विश्वासार्ह वाटतं. आन्सगारने राजा ओलोफला घरी जेवायला बोलावलं, भेटी दिल्या. राजा म्हणाला, माझी हरकत नाही, पण आधी देवांचा कौल आणि मग लोकांची सभा, त्याशिवाय मी काही ठरवू शकत नाही. कौल अनुकूल आला. सभेत गोंगाट झाला. मग एक म्हातारा उठला आणि त्याने जे सांगितलं त्यात पाप, मोक्ष काही नाही. त्याचा मुद्दा असा : या देवाने समुद्रावरच्या संकटात अनेकांना मदत केल्याचं आपल्याला माहीत आहे. आपल्यातले काही पूर्वी डोरेस्टाडला (आजच्या नेदरलंड्समधलं तेव्हाचं व्यापारी बंदर) जाऊन हा धर्म घेत असत. आता मधला समुद्र चाच्यांमुळे धोक्याचा झालाय. जे आणायला लांब जायचो ते दारात येतंय, तर नको का म्हणता? आपले देव रुसले तर हा कामी येईल.

ठराव मंजूर.

फुकट_सल्लागार

व्यापाऱ्यांचं गाव, व्यापाऱ्यांचा हिशेब. यात नवल काय? डेन्मार्कच्या हेडेबी या व्यापारी गावातही तेच. तिथला राजा होरिक याने चर्चला परवानगी दिल्यावर हॅम्बुर्ग आणि डोरेस्टाडचे व्यापारी बिनधास्त यायला लागले आणि गावात सुबत्ता आली, हे खुद्द रिम्बर्ट लिहितो. ख्रिस्ती व्यापाऱ्याला व्यवहार करायचा तो ख्रिस्ती माणसाशी. म्हणून बरेच जण नुसती क्रॉसची खूण करून घेत. पूर्ण बाप्तिस्मा नाही, अर्धा प्रवेश. बाप्तिस्मा राखून ठेवायचा मरणाच्या वेळेसाठी, म्हणजे सगळी पापं एकदम धुऊन निघतात आणि पुन्हा करायला वेळ उरत नाही. याला म्हणतात टॅक्स प्लॅनिंग.

जोगळेकरांची_धाकटी

@फुकट_सल्लागार 😀 यावरून लुईच्याच दरबारातला किस्सा आठवला, सांगणारा दुसराच एक मठवासी आहे. ईस्टरला डॅनिश लोक बाप्तिस्मा घ्यायला येत आणि प्रत्येकाला पांढरे कपडे मिळत. एका वर्षी पन्नासेक आले, कपडे पुरेनात, म्हणून घाईघाईने कापड कापून कशीबशी शिवलेली झबली वाटली. एक वयस्क डेन ते अंगावर चढवून बघतो आणि संतापतो : मी इथे वीस वेळा अंघोळ केली, दर वेळी उत्तम कपडे मिळाले, आणि हे पोतं? हे डुकरं राखणाऱ्याला शोभेल, लढवय्याला नाही!

तळ्यातमळ्यात

वीस वेळा बाप्तिस्मा 😂 लॉयल्टी कार्ड.

खडूस_काका

हसण्यावारी नेताय ते ठीक. पण धर्मप्रसार हा विषय निघाला की आम्हाला गोवा आठवतो. १५६० ते १८१२. इन्क्विझिशनला हसू येत नाही.

संपादक मंडळ

गोव्याच्या इन्क्विझिशनवर स्वतंत्र धागे आहेत. या प्रतिसादावरचे चार उपप्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. कृपया विषयाला धरून लिहावे.

इतिहासवेडा

काकांचा मुद्दा या धाग्यातही बसतो, फक्त गोव्याला जायची गरज नाही. आन्सगारच्या आधीची पिढी घ्या. शार्लमेनने सॅक्सन लोकांशी तीसेक वर्षं युद्ध केलं. ७८२ मध्ये फेर्डेनला ४५०० सॅक्सन बंदी एका दिवसात मारल्याची नोंद फ्रँकांच्याच इतिवृत्तात आहे. बाप्तिस्मा टाळण्यासाठी लपणाऱ्याला मृत्युदंड असा लेखी कायदा होता. आन्सगार शिकवत होता ते कोर्वाय याच जिंकलेल्या सॅक्सन मुलखात.

म्हणून फरक नोंदवावा लागतो. बिर्कात त्याच्या पाठीशी एक शिपाई नव्हता. सम्राटाचं पत्र होतं, पण सम्राट लांब. सभेने नाही म्हटलं असतं तर त्याला निघावं लागलं असतं. ही त्याची निवड होती की नाइलाज, यावर वाद घाला. एल्बे नदीच्या पलीकडे तलवार चालली असती तर त्याने ती नाकारली असती, याची मला खात्री नाही.

वसईचा_वारा

मी ख्रिस्ती आहे, वसईचा. लहानपणी आम्हाला संत झेवियर, संत गोन्सालो गार्सिया यांच्या गोष्टी सांगितल्या, आन्सगारचं नाव मोठेपणी वाचलं. मला त्याच्यापेक्षा त्याच्या काळातली एक गोष्ट जास्त जवळची वाटते. ८३० च्या आसपास जुन्या सॅक्सन भाषेत ‘हेलियांड’ नावाचं येशूचं महाकाव्य रचलं गेलं. त्यात येशू म्हणजे सरदार आणि शिष्य म्हणजे त्याचे निष्ठावंत लढवय्ये. येशूजन्माची बातमी शुभवर्तमानात मेंढपाळांना कळते, इथे ती रात्री घोडे राखणाऱ्यांना कळते. पीटर तलवार उपसून कान तोडतो तो प्रसंग तर कवीने असा रंगवलाय की वाटावं, अखेर याला मनासारखं काहीतरी सापडलं.

आपल्याकडे फादर स्टीफन्सने १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण ओवीत लिहिलं. आठशे वर्षांचं अंतर, पण कारागिरी एकच : ऐकणाऱ्याच्या कानाला ओळखीचा छंद धरायचा. हे काम आन्सगारने केल्याचं कुठे दिसत नाही. उत्तरेच्या भाषेत त्याच्या हातची एक ओळ उरलेली नाही. इथे तो मला कमी वाटतो.

सांजवारा

@वसईचा_वारा, सुंदर प्रतिसाद. घोडे राखणारे!

हॅम्बुर्गकर

मला एका वेगळ्या गोष्टीवर मतं हवी आहेत. आन्सगार डॅनिश आणि स्लाव मुलगे *विकत घ्यायचा*. काहींना गुलामगिरीतून सोडवायचा, पण त्यांना घरी पाठवत नसे. धर्मसेवेसाठी तयार करायचा. काही हॅम्बुर्गला, काही फ्लँडर्समधल्या टुरहोल्टच्या मठात, जिथून त्याला खर्चाला पैसा मिळे. ८४३ मध्ये सम्राट लुईच्या मुलांत साम्राज्याची वाटणी झाली, टुरहोल्ट दुसऱ्या भावाच्या वाट्याला गेलं आणि त्याने ते एका सरदाराला देऊन टाकलं. त्या सरदाराने ही मुलं स्वतःच्या चाकरीला जुंपली. आन्सगार गेला तेव्हा त्याने त्यांना राबताना पाहिलं आणि तो फार कष्टी झाला, असं रिम्बर्ट सांगतो. हा रिम्बर्टही टुरहोल्टमध्येच वाढलेला.

मुलांना कोणी विचारलं होतं का?

फुकट_सल्लागार

नवव्या शतकात मुलांना कोण विचारायचं? आन्सगारलाही पाच वर्षांचा असताना मठात ठेवलाच ना.

जोगळेकरांची_धाकटी

@फुकट_सल्लागार, त्याला बापाने ठेवलं, बाजारातून उचललं नाही. ‘तेव्हा तसंच होतं’ हे उत्तर मला दर वेळी अपुरं वाटतं. तेव्हासुद्धा पळून जाणारे गुलाम होतेच. आणि याच चरित्रात आहे की ख्रिस्ती कैदी उत्तरेकडून पळून एल्बेपलीकडच्या ख्रिस्ती लोकांकडे आश्रयाला आले, तर त्यांनी त्यांना पुन्हा साखळ्या घातल्या, स्वतःकडे राबवलं, काहींना विकलं. त्यात बडी धेंडं होती. आन्सगार स्वतः तिथे गेला आणि त्यांना सोडवलं. म्हणजे गुलामीतली चूक त्याला दिसत होती, मात्र कैदी ख्रिस्ती असला म्हणजे जास्त स्पष्ट दिसत होती.

उत्तरायण

शेवटचं वाक्य +१.

सांजवारा

अवांतर : बायका कुठेच नाहीत का या गोष्टीत?

उत्तरायण

@सांजवारा, आहेत, आणि त्यांच्याबद्दल रिम्बर्टने भरभरून लिहिलंय. बिर्कात फ्रिडेबुर्ग नावाची म्हातारी विधवा होती. बिशपला हाकलल्यावर गावात धर्मगुरूच उरला नाही. बाईने थोडी वाइन विकत घेऊन भांड्यात जपून ठेवली आणि मुलीला सांगितलं, माझी वेळ आली की ही तोंडात घाल, प्रसाद नाही तर निदान हे. तीनेक वर्षं ती वाइन तशीच राहिली. मग आर्डगार नावाचा संन्यासी धर्मगुरू म्हणून आला आणि तिला रीतसर प्रसाद मिळाला.

मरताना तिने मुलीला, काट्लाला, सांगितलं : इथे गरीब फारसे नाहीत, सगळं विकून डोरेस्टाडला जा आणि तिथे दान कर. काट्ला गेली. दिवसभर चर्चं फिरून पैसे वाटले. अर्धे संपल्यावर थकली, म्हणून चार नाण्यांची वाइन घेऊन प्यायली. परत येऊन बघते तर थैली पुन्हा भरलेली! सगळे पैसे जसेच्या तसे, फक्त वाइनची चार नाणी वजा.

खडूस_काका

देवाचं ऑडिट कडक आहे. वैयक्तिक खर्च मंजूर नाही.

तळ्यातमळ्यात

धागा इथेच जिंकला 😂

इतिहासवेडा

जमिनीतूनही दुजोरा आहे. १८७१ पासून याल्मार स्टोल्पे या कीटकशास्त्रज्ञाने बियोर्कोवर खणायला घेतलं, गेला होता अंबर शोधायला. अकराशेच्या आसपास कबरी उकरल्या. त्यांतल्या एका स्त्रीच्या कबरीत चांदीचा छोटा क्रूस निघाला. स्वीडनमधल्या सगळ्यात जुन्या क्रूसांत त्याची गणना होते. तो आन्सगारनंतरचा, दहाव्या शतकातला. पण चर्च ओस पडल्यावरही बायकांच्या गळ्यात काहीतरी टिकून होतं.

डेन्मार्कमध्ये त्याहून भारी वस्तू आहे : जटलंडमध्ये सापडलेला सोनाराचा दगडी साचा. एकाच दगडात क्रॉसही ओता आणि थॉरचा हातोडाही. गिऱ्हाईक येईल तसं.

वसईचा_वारा

हा सोनार मला त्या सभेतल्या म्हाताऱ्याचा पणतू वाटतो.

जोगळेकरांची_धाकटी

@उत्तरायण, मेलारेन म्हटलं की हेल्यो आठवतं. तिथे बुद्धाची मूर्ती सापडली ना?

उत्तरायण

हो, १९५० च्या दशकात. हेल्यो म्हणजे बिर्काच्या आधीचं व्यापारी बेट, जवळच. कमळावर बसलेला ब्राँझचा बुद्ध, वीतभरसुद्धा नाही. पाचव्या-सहाव्या शतकातला, स्वात किंवा काश्मीरच्या बाजूचा मानतात. त्याच उत्खननात आयर्लंडच्या बिशपच्या काठीची मूठ आणि इजिप्तकडची ब्राँझची पळी निघाली. स्टॉकहोमच्या इतिहास संग्रहालयात बघायला मिळतात. अमुक मार्गाने आला असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, पण आन्सगारच्या आधीच परके देव त्या तळ्यात येऊन बसले होते हे खरं.

फुकट_सल्लागार

आणि त्याला प्रचारकही लागला नाही.

हॅम्बुर्गकर

मूळ प्रश्नाकडे येतो. @इतिहासवेडा म्हणतात पदवी गादीसाठी. अंशतः खरं. पण एक यश तुम्ही सगळे विसरताय. ८५४ च्या सुमारास धाकट्या होरिकने डेन्मार्कमधल्या रिबेत चर्च बांधायला परवानगी दिली आणि हेडेबीच्या चर्चला *घंटा* लावू दिली. घंटेला पूर्वी सक्त विरोध होता. चर्च गुपचूप चालवता येतं, घंटा नाही. ती न मानणाऱ्यालाही ऐकावी लागते. रिबेच्या कॅथीड्रलशेजारी अलीकडे खणलं तेव्हा नवव्या शतकापर्यंत मागे जाणारी ख्रिस्ती पद्धतीची दफनं मिळाली, म्हणजे तिथे वस्ती टिकली होती. डेन्मार्कचा राजा हाराल्ड ब्लूटूथ याने ९६५ च्या सुमारास धर्म घेतला तेव्हा पाटी कोरी नव्हती.

तळ्यातमळ्यात

ब्लूटूथ म्हणजे आपला तोच? पेअरिंगला शंभर वर्षं लागली म्हणा.

इतिहासवेडा

तोच. आणि @हॅम्बुर्गकर, रिबेबद्दल मान्य, स्वीडनबद्दल नाही. तिथे ९३६ मध्ये ब्रेमेनचाच आर्चबिशप उन्नी गेला तेव्हा सगळं नव्याने सुरू करावं लागलं, आणि तोही बिर्कातच वारला. आन्सगारचं स्वीडन बुडालं ते बुडालंच. स्वीडनमध्ये पुढे धर्म रुजला त्यात इंग्लंडकडून आलेल्या लोकांचा मोठा वाटा होता, त्यांची नावं कोणाच्या तोंडी नाहीत. त्यांच्यामागे गादीही नव्हती आणि रिम्बर्टही नव्हता.

वसईचा_वारा

तुमचं दोघांचं भांडण यश मोजण्यावर आहे. त्याला स्वतःला काय हवं होतं? तरुणपणी दिसलेल्या दृष्टान्तावरून त्याची समजूत होती की आपल्याला हुतात्म्याचं मरण येणार. चाचे, जमाव, जाळपोळ सगळ्यातून वाचला आणि शेवटी ब्रेमेनमध्ये कित्येक महिने हगवणीने झिजून गेला. त्याचं त्याला अतोनात वाईट वाटत होतं, शिष्यांना समजूत घालावी लागली. आजारी लोकांना बरं करण्याची शक्ती त्याच्यात आहे असं कोणी म्हणालं, तेव्हा तो म्हणाला की देवाकडे एकच चमत्कार मागेन, मला चांगला माणूस कर. स्तोत्रं म्हणताना हात रिकामे नकोत म्हणून तो जाळी विणायचा म्हणे. मला यातला जाळी विणणारा माणूस आवडतो, आर्चबिशप नाही.

खडूस_काका

हुतात्मा होता आलं नाही म्हणून रडणारा माणूस मला झेपत नाही. पण वसईकर, तुमच्या प्रतिसादाला दाद.

सांजवारा

हे चरित्र वाचायला कुठे मिळेल? आणि बियोर्कोला जायचं तर कधी?

उत्तरायण

मूळ लॅटिन आहे. १९२१ चं इंग्रजी भाषांतर जालावर फुकट आहे, भाषा जुनाट पण मजकूर लहान, दोन-तीन बैठकांत होतो. बिर्काच्या बोटी उन्हाळ्यात असतात, स्टॉकहोमच्या सिटी हॉलजवळून निघतात, जायला दोनेक तास. आन्सगारचा क्रॉस १८३४ चा आणि चॅपल १९३० चं, त्यामुळे ‘त्याने बांधलेलं’ म्हणून फोटो टाकू नका. त्याचं चर्च नक्की कुठे होतं ते अजून सापडलेलं नाही.

@इतिहासवेडा, त्या इंग्रज धर्मप्रसारकांवर तुम्हीच वेगळा धागा काढा. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.